पांढरी बोटे

सांडवे बंदरावरच्या कोळंबी कारखान्यात हर्षला शिवलकर कामाला लागली, त्या काळी सोलणीच्या दालनात दर दीड तासाने घंटा होत असे. घंटा झाली की बायका दोघी-दोघींनी उठत आणि कोपऱ्यातल्या गरम पाण्याच्या टबाशी जाऊन हात शेकत. दोघींनीच जायचे, हा नियम कंपनीचा नव्हता. बायकांनीच तो पाडलेला होता. दीड तास बर्फात राहिलेल्या बोटांना पाणी कोमट आहे की कढत हे कळत नाही. म्हणून एकीने आधी कोपर बुडवून पाहायचे आणि मग दुसरीने हात घालायचे. हर्षलाची जोडीदारीण होती हमीदा सोलकर, तिच्याहून सहा वर्षांनी मोठी. "थांब गो, भाजशील," असे म्हणून कोपर बुडवणारी हमीदा आणि "संसारात पडलेय, आता काय भाजायचं राहिलंय?" असे उत्तर देणारी हर्षला, हा संवाद अकरा वर्षे रोज चार वेळा चालला होता.

ती घंटा बंद झाल्याला आता दोन वर्षे होत आली होती.

घंटा बंद झाली ती डॉ. अनघा रिसबूड यांच्या संशोधनामुळे. पुण्यातल्या एका संस्थेत त्या शरीरक्रियाविज्ञान शिकवत. कारखान्यात त्या स्वतः आल्या, स्टूल ओढून बायकांच्या मधोमध बसल्या आणि कोणताही तोरा न दाखवता त्यांनी समजावून सांगितले.

"गारवा बोटांना लागतो, पण बोटं पांढरी करायचा हुकूम मेंदूकडून येतो. बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीत स्नायूंची कडी असतात. केसाहून बारीक मज्जातंतू त्या कड्यांपर्यंत पोचलेले असतात. शरीराची ऊब वाया जाऊ नये म्हणून मेंदू त्या तंतूंमधून निरोप धाडतो. तंतूच्या टोकाशी नॉरॲड्रिनलिन नावाचं द्रव्य पाझरतं आणि कडं आवळलं जातं. रक्त बोटात येईनासं होतं. आपण करणार एवढंच, की तो निरोप मनगटाच्या वर अडवणार. बाकी स्पर्श, हालचाल, सगळं जसंच्या तसं राहील."

"भुकेचा निरोप पण अडवा ना, डॉक्टर," हमीदा म्हणाली. "म्हंजे जेवायची सुट्टी पण वाचेल कंपनीची."

सगळ्या हसल्या. डॉक्टरही हसल्या. आपल्याला हसू यायला नको होते, असे त्यांना पुढे पुष्कळ वेळा वाटले.

तांदळाच्या दाण्याहून जरासे मोठे ते यंत्र कोपराच्या खाली, कातडीच्या आत बसवले जाई. बोटाने चाचपले की हाताला लागे, म्हणून बायका त्याला मणी म्हणू लागल्या. पहिल्या आठवड्यात दालनात जत्रेसारखा आनंद होता. तासन्‌तास बर्फात राहिलेले हात बाहेर काढले तरी गुलाबी आणि उबदार असत. बायका ते एकमेकींच्या गालांना लावून पाहत. सांधे ठणकायचे थांबले, रात्रीची आग थांबली. हे सगळे खरे होते. मग घंटा बंद झाली, काही दिवसांनी टब उचलून नेला, आणि सहा तासांची पाळी नऊ तासांची झाली. बोटे पांढरी पडली की उठायचे, असे आजवर शरीरच सांगत होते. ते सांगणे बंद झाल्यावर उठण्याला कारण उरले नाही.

ऑक्टोबरात, रमजानच्या अठराव्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास, मोठ्या वाघकोळंबीचा एक ट्रे मोजणीत कमी भरला. मुकादम पांचाळ याने हमीदाला टेबलावरून उठवले. दालनाच्या मधोमध, चाळीस बायका आणि बर्फ वाहणारे सात-आठ पुरुष यांच्यासमोर तिची झडती घेतली. आधी पिशवी. मग डोक्यावरची ओढणी ओढून झटकली. मग दोन पहारेकरणींनी तिचे हात धरले आणि तिसरीने तिच्या कपड्यांत हात घातला. हमीदा काही बोलली नाही. काही सापडले नाही. ट्रे अर्ध्या तासाने दुसऱ्या शीतखोलीत मिळाला. तोवर हमीदा जागेवर येऊन पुन्हा सोलायला बसली होती.

हर्षलाने पाहिले तेव्हा हमीदाचा उजवा हात खडूसारखा पांढरा होता.

"हमीदाबी, हात बघ."

"असू दे," हमीदा म्हणाली. तिचा जबडा आवळलेला होता. "मणी आहे ना."

कारखान्याच्या दवाखान्यातल्या परिचारिकेलाही तसेच वाटले. बोटे पांढरी म्हणजे मणी कमी पडतो आहे, असे समजून तिने यंत्राचा जोर वाढवला आणि वाट पाहिली. चार तास वाट पाहिली. तेराव्या दिवशी जिल्ह्याच्या रुग्णालयात हमीदाच्या उजव्या हाताची दोन बोटे, अंगठ्याशेजारचे आणि मधले, कापावी लागली. कोळंबीचे डोके मोडायला आणि पाठीतला काळा दोरा ओढायला नेमकी तीच दोन बोटे लागतात.

कंपनीने लेखी कळवले की सौ. सोलकर यांना मशेरी लावण्याची जुनी सवय आहे. तंबाखूने रक्तवाहिन्या आवळतात, हे सर्वज्ञात आहे. यंत्रात दोष नाही. कामगारांच्या आग्रहामुळे चौकशी समिती नेमली गेली. तिच्या निर्णयावर हमीदाचे पुढचे आयुष्य तर अवलंबून होतेच, शिवाय हर्षलासह इतर एकशेदहा बायकांच्या हातांतले मणी चालू राहणार की नाहीत, हेही ठरणार होते.

सुनावणीच्या पंधरा दिवस आधी, एका रविवारी दुपारी, डॉ. रिसबूड हर्षलाच्या घरी आल्या. हर्षलाचा नवरा नीलेश पूर्वी ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, होता. समुद्रातली मासळी आटल्यापासून तो घरीच असे. त्याने चहा करून आणला आणि दाराशी उभा राहिला.

"शिवलकरबाई, मी चुकले," डॉक्टर म्हणाल्या. "रक्तवाहिनीला हुकूम दोन वाटांनी येतो. एक मज्जातंतूची. ती मी अडवली. दुसरी रक्ताची. मूत्रपिंडावर एक छोटी ग्रंथी असते. माणूस घाबरला, संतापला, की ती ॲड्रिनलिन रक्तात सोडते. ते सगळ्या अंगभर फिरतं, बोटांतही जातं. एरवी त्याचा बोटांवर होणारा परिणाम बेताचा असतो. पण मज्जातंतू बरेच महिने गप्प ठेवला तर वाहिनीची भिंत तो निरोप शोधायला लागते. तो टिपणारे रेणू, त्यांना आम्ही ग्राही म्हणतो, ती दुपटीनं, चौपटीनं वाढवते. ज्याला कुणी हाक मारत नाही त्याचे कान जसे टवकारलेले राहतात, तसं. मग रक्तातून थोडंसं ॲड्रिनलिन आलं तरी कडं असं आवळतं की सुटतच नाही."

"आणि मणी?"

"मणी त्यात काहीच करू शकत नाही. तो ज्या वाटेवर बसलाय, त्या वाटेनं हे येतच नाही."

हर्षला आपल्या हातांकडे पाहत राहिली. "तुमच्या प्रयोगात हे नाय दिसलं?"

"चाळीस बायकांवर सहा महिने प्रयोग केला. शांत खोलीत, गाणी लावून. प्रयोगशाळेत कुणी कुणावर चोरीचा आळ घेतला नव्हता."

नीलेशने दाराशी पाय बदलला. "म्हणजे हिला पण राग आला तर—"

"हो. त्यासाठीच आले आहे. बर्फावर हात असतील तर धोका फार मोठा. नसतील तरी आहेच. मणी आज बंद केला तरी वाढलेले ग्राही उतरायला दोन महिने लागतील आणि सुनावणी पंधरा दिवसांवर आहे." मग त्यांनी आवाज खाली आणला. "पण झडतीत नेमकं काय झालं, हे समितीसमोर कुणीतरी सांगायला हवं. त्या वेळी हमीदाबाईंना किती अपमान वाटला हे नोंदलं गेलं, तरच मला ॲड्रिनलिनचं बोलता येईल. नाहीतर तो नुसता माझा तर्क. पांचाळ म्हणतो, झडती नियमानं झाली, बाई शांत होत्या. बाकीच्या कुणी यायला तयार नाहीत."

"मी येते," हर्षला म्हणाली.

"ते सांगताना तुम्हाला पुन्हा ते सगळं दिसेल. राग येईल. बोटं पांढरी पडायला लागली तर डोळे मिटून सावकाश श्वास मोजायचे, दुसरं काहीच मनात आणायचं नाही. मी एक इंजेक्शन बरोबर ठेवीन. पण ते हमखास लागू पडेलच, असं मी आता कशाबद्दलच म्हणत नाही."

डॉक्टर गेल्यावर नीलेशने चहाचे कप उचलले. मग म्हणाला, "हमीदाबीचं वाईट झालं. पण ह्या घरात कमावते हात तेवढे तुझेच दोन आहेत. साक्ष दे. डोकं मात्र गार ठेव."

"डोकं गार ठेवून ते सांगता येईल असं नाय रे," हर्षला म्हणाली.

संध्याकाळी ती हमीदाकडे गेली. हमीदा डाव्या हाताने भाजी चिरायला शिकत होती आणि चिरताना भाजीला शिव्या देत होती.

"मशेरीचं मी मोडून काढते," हर्षला उत्साहाने म्हणाली. "त्या दिवशी तुझा रोजा होता. पहाटे सहेरीपासून तू तोंडात काही घातलं नव्हतंस, मशेरी कुठली लावतेस? चार वाजता तंबाखूचा अंश तरी असेल का अंगात? हे त्यांच्या डोक्यातच आलेलं नाय."

हमीदाने विळी बाजूला सारली. "रोज्याचं काढू नको."

"का पण? त्यानंच तर तू सुटतेस."

"तो माझा आणि अल्लाचा मामला. कचेरीत वकिलाच्या तोंडी मला माझा रोजा नको. तू झडतीचं सांग. कसे हात घातले ते सांग. मी सांगायला गेले तर माझं तोंडच उघडत नाय, आणि उघडलं तरी म्हणतील, ही सांगणारच." तिने हर्षलाच्या बोटांकडे पाहिले. "तुझ्या हातांची भीती वाटते का?"

"छ्या!" हर्षला म्हणाली.

सुनावणी डिसेंबरात झाली. लांब टेबलामागे तीन माणसे होती. मधले अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश होते, वयस्कर आणि सौम्य. कंपनीच्या बाजूने रणदिवे नावाचे वकील होते. मागच्या बाकावर हमीदा उजवा हात ओढणीखाली घेऊन बसली होती. शेजारच्या बाकावर मांडीवर बॅग ठेवून डॉ. रिसबूड.

रणदिव्यांनी हर्षलाला मशेरीबद्दल विचारले.

"सोलकरबाई मशेरी लावतात?"

"लावतात."

"रोज?"

"रोज."

"धन्यवाद."

ते वळले. कागदावर लेखनिकाची लेखणी चालली. हमीदा आपल्या सवयीमुळे बोटे गमावलेली बाई म्हणून त्या कागदावर उतरते आहे, हे हर्षलाला स्पष्ट दिसले. तिच्याने राहवले नाही.

"पण त्या दिवशी नव्हती लावली. रमजान होता. तिचा रोजा होता. पहाटेपासून पाण्याचा थेंब नव्हता तोंडात, मशेरी कुठून असणार?"

तिने मोठ्या अभिमानाने मागे पाहिले. हमीदाने मान खाली घातली होती.

रणदिवे जागीच थांबले. त्यांनी सहकाऱ्याकडून एक फाइल मागितली आणि शांतपणे दोन पाने उलटली.

"पाण्याचा थेंब नव्हता. साधारण किती तास?"

"पहाटे पाचपासून. अकरा तास."

"ऑक्टोबरात." त्यांनी डॉ. रिसबूड यांच्याकडे वळून विचारले, "डॉक्टर, शरीरातलं पाणी कमी झालं की रक्तवाहिन्यांवर परिणाम होतो?"

डॉक्टर उठल्या. प्रश्न कुठे चालला आहे, हे त्यांना कळले होते, आणि उत्तर एकच होते. "होतो. पाणी कमी झालं की मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतून व्हॅसोप्रेसिन नावाचं संप्रेरक वाढतं. मूत्रपिंडही दुसरं एक संप्रेरक तयार करवतं. दोन्हींमुळे वाहिन्या आकसतात."

"मणी बसवताना कामगारांनी सही केलेल्या पत्रकात 'कामाच्या वेळी नियमित पाणी पिणे बंधनकारक' असं वाक्य आहे. ते आपणच लिहिलेलं?"

"हो. पण त्याचा हेतू वेगळा—"

"सोलकरबाईंनी उपवासाची माहिती कंपनीला दिली होती?"

"मला ठाऊक नाही."

"नव्हती दिली," रणदिवे अध्यक्षांना म्हणाले. "मशेरीचा मुद्दा आम्ही मागे घेतो. त्याहून पक्कं कारण साक्षीदारानंच दिलं आहे."

खोलीत कुणी आवाज चढवला नव्हता. खोटे कुणी बोलले नव्हते.

"साहेब," डॉ. रिसबूड म्हणाल्या, "अकरा तासांच्या तहानेनं बोटं मरत नाहीत. नाहीतर दर रमजानात मेली असती. त्या दिवशी त्यात आणखी काहीतरी मिसळलं. ही बाई भयंकर संतापली असेल, अपमानानं पेटली असेल, तर रक्तात ॲड्रिनलिनचा लोंढा आला असेल, आणि माझ्या यंत्रामुळे वाहिन्या त्याला कमालीच्या संवेदनशील झाल्या होत्या. दोष माझ्या यंत्रात आहे. हे मी लिहून द्यायला तयार आहे."

"असेल, असेल," रणदिवे म्हणाले. "संतापल्याचा पुरावा काय? मुकादमांच्या नोंदीत तर बाई शांत होत्या."

अध्यक्षांनी चष्मा काढला. ते खरोखरच न्यायाने वागू पाहत होते. "शिवलकरबाई, झडतीच्या वेळी तुम्ही शेजारी होता. घाई नको. काय झालं, ते तुमच्या शब्दांत सांगा."

हर्षलाने तोंड उघडले. तिला ओढणी दिसली, जमिनीवरच्या बर्फाच्या पाण्यात पडलेली. दोन्ही बाजूंनी धरलेले हात दिसले. बर्फाची ढकलगाडी तशीच धरून एकटक पाहणारा एक पुरुष दिसला. पांचाळ म्हणाला होता, "आत बघ नीट, ह्या बायका कुठेही लपवतात." आणि आता हा वकील तिच्या मैत्रिणीचे उपवासाचे तास मोजत होता, तेही हर्षलानेच पुरवलेले. छातीत काहीतरी उसळले आणि त्याच क्षणी करंगळीच्या टोकाशी सुई टोचल्यासारखे झाले.

तिने खाली पाहिले. करंगळी पांढरी होती. बघता बघता शेजारचे बोट, मग मधले. सांध्यापर्यंत रंग असा उतरला की जणू कुणी पुसून घेतला. डॉ. रिसबूड यांनी बॅग उघडल्याचा आवाज तिला ऐकू आला. नीलेशचा चेहरा आठवला. भाजी चिरायला शिकणारा डावा हात आठवला.

तिने डोळे मिटले. एक. दोन. तीन.

"बाई?" अध्यक्ष म्हणाले. "बरं वाटत नाही का?"

अकरा. बारा. ओढणी मनातून काढली. गाडीवाला पुरुष काढला. पांचाळ काढला. एकतीस. बत्तीस. चाळिसाव्या श्वासाला बोटांत पहिली ऊब परतली, मुंग्या आल्यासारखी. तिने डोळे उघडले. खोलीतले सगळे तिच्याकडे पाहत होते. आत काहीच उसळत नव्हते. सगळे सपाट, स्वच्छ होते.

"झडती कशी झाली?" अध्यक्षांनी पुन्हा विचारले.

"झाली," हर्षला म्हणाली. "नियमाप्रमाणे झाली असेल."

"सोलकरबाईंची त्या वेळी काय अवस्था होती? रागावल्या होत्या?"

"काही बोलली नाय ती."

"आणखी काही सांगायचं आहे?"

"नाही."

लेखणी थांबली. डॉ. रिसबूड यांनी बॅग मिटली. निर्णय कळायला महिना लागणार होता, पण कुणाला तेवढी वाट पाहण्याची गरज उरली नव्हती. कारखान्यात दुसऱ्याच दिवशी नवे पत्रक लागणार होते: रोजा, निर्जळी, कोणताही कडक उपवास आधी कळवावा, न कळवल्यास होणाऱ्या इजेची जबाबदारी कामगाराची.

बाहेर व्हरांड्यात हमीदा तिच्यासाठी थांबली होती.

"बघू हात," ती म्हणाली.

हर्षलाने हात पुढे केला. हमीदाने डाव्या हाताने तो धरला, उलटा केला, बोटे एक-एक दाबून पाहिली. "गरम आहेत."

"हमीदाबी, मी—"

"डोळे मिटून काय करत होतीस?"

"श्वास मोजत होते."

"किती झाले?"

"चाळीस."

हमीदाने मान हलवली, एखाद्या लहान मुलाचा हिशेब बरोबर आल्यावर हलवावी तशी. "नको म्हटलं होतं ते न विचारता बोललीस. आणि माझी ओढणी कुणी ओढली, हे सांगायला चाळीस श्वास लागत नायत गो. एकात झालं असतं."

तिने हात सोडला आणि ओढणी सावरून ती पायऱ्या उतरली. एसटी स्टँडकडे जाणाऱ्या रस्त्यावर ती एकटीच चालू लागली.

हर्षला तिच्यामागे धावायला निघाली. तिला हाक मारायची होती, पाय धरायचे होते, आत परत जाऊन टेबलावर हात आपटून सगळे सांगायचे होते. दुसऱ्या पायरीवरच करंगळीला पुन्हा सुई टोचली. मूत्रपिंडावरच्या त्या ग्रंथीला राग-भीती आणि लाज यांतला फरक कळत नाही, हे डॉक्टरांनी तिला सांगितले नव्हते. ते तिला आता कळले. बोटांची टोके पांढरी होऊ लागली होती.

ती मागे फिरली. व्हरांड्यातल्या बाकावर बसली. दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि हमीदाचा विचार मनातून काढून टाकायचा प्रयत्न करू लागली. थोड्या वेळाने तिला ते जमले. बोटे गुलाबी झाली.